डेपोकाकांचं गरम पाणी

दमलेलं, हरलेलं माणूस दारात आलं, तरी डेपोकाका त्याला 'काय झालं?' असं कधी विचारत नसत. "आधी न्हाऊन घे, मग जेव, आमेले झोप," एवढंच ते आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणत. म्हैसुरात, सरस्वतीपुरमातल्या आमच्या गल्लीतली नापास पोरं निकालाच्या दिवशी घरी जायच्या आधी काकांच्या न्हाणीघरात शिरत. काका आता नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते.

ही शिस्त आरमारातली. वाडवडील म्हैसूरच्या राजाचे घोडेस्वार. हे मात्र गेले समुद्रावर, तेही डेपो जहाजावर. म्हणजे छोट्या पाणबुड्यांच्या माहेरीच म्हणा ना! लढाईच्या दिवसांत दोन-दोन माणसं घेऊन त्या पाणबुड्या बाहेर पडत. परतल्या की काका त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करत, हवेच्या टाक्या भरत. आतल्यांचे पाय इतके आखडलेले असत, की काखेत हात घालून वर ओढावं लागे. "लढायचं त्यांनी, पाणी तापवायचं आम्ही," काका हसून म्हणत.

एका गोष्टीपाशी मात्र त्यांचं हसू थांबे. एकदा दोन पाणबुड्या गेल्या आणि एकच परतली. आतल्या एकाला वर ओढता ओढताच कुणीतरी विचारलं, "दुसरी कुठंय?"

"तो माणूस पुढं आमच्याशी बोललाच नाही बघ, पुट्टी," काका मला म्हणत. "म्हणून केळबेड. विचारू नये. बोलायचं तेव्हा माणूस आपणहून बोलतो."

मला ते पटायचं. पुण्याचं सासर कायमचं सोडून मी परत आले, तेव्हा गल्लीनं चौकशा करून मला भंडावून सोडलं होतं. काकांनी तेवढा टॉवेल पुढे केला.

त्यांचा मुलगा सतीश बेंगळुरूला नोकरीला. एका संध्याकाळी तो न कळवता आला. मी काकूंबरोबर अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसले होते. पोराचा चेहरा पार उतरलेला, शर्ट अंगात ढगळ झालेला. काकूंनी तोंड उघडलं तसा काकांनी हात वर केला. "सुम्ने बस. न्हाऊ दे त्याला."

सतीश न्हाला, जेवला, झोपला. सकाळी वडिलांच्या पाया पडला, दारात जरा घुटमळला आणि निघून गेला.

पुढे सुनेचा फोन आला तो थेट दवाखान्यातून. काका पोचले तेव्हा सतीश शुद्धीवर नव्हता, आणि पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. पोटाचा कॅन्सर. "त्या दिवशी तो तेच सांगायला आला होता," सून म्हणाली. "कुणी विचारलं असतं तर बोललो असतो, म्हणाला."

सुतकात सगळी गल्ली त्यांच्याकडे. आम्ही काकांच्याच तालमीतले. कुणी चकार शब्द काढला नाही. पाणी तापवलं, सारू-भात आणला, अंथरूण घातलं. काका भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आपण अगदी त्यांच्या मनासारखं वागतोय.

"कुणीतरी विचारा की रे मला," काका म्हणाले. "काय झालं म्हणून विचारा."

मी जवळ सरकून त्यांचा हात धरला.

"काय झालं, काका?"

"माझा पोरगा गेला ग," ते म्हणाले आणि मोठ्यानं रडायला लागले.