तिसऱ्या डब्यातलं रीळ

"बजावलं बरं का!" असं म्हणत ते समोरच्याच्या तळहातावर चार घड्या घातलेली चिठ्ठी ठेवायचे आणि वरून त्याचीच बोटं मिटवायचे. चिठ्ठीत एका सिनेमाचं नाव, तो कुठल्या थेटरात लागलाय ते, आणि खाली बारीक अक्षरात, ‘न बघितल्यास कारण दाखवावे.’ ठाण्याच्या कोर्टात ते बेलिफ होते. दिवसभर लोकांना समन्स बजावत हिंडायचे आणि उरलेल्या वेळात आम्हाला सिनेमे. आम्ही सगळे त्यांना बेलिफकाका म्हणायचो. नाव काही इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

ऐंशीचं दशक सरत आलेलं तेव्हाची ही गोष्ट. डोंबिवलीत आमचा एक फिल्म क्लब होता. म्हणजे काय, तर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे, सोळा एमएमच्या प्रोजेक्टरवर देशोदेशीचे सिनेमे बघायचे, आणि बाकीच्या रविवारी त्याच हॉलच्या पायऱ्यांवर बसून त्यांच्यावरून भांडायचं. तीसेक माणसं होतो. तुम्हीही असल्या एखाद्या कंपूत बसला असाल, तर तिथे आवाज किती चढतात ते मी वेगळं सांगायला नको. मी ठाण्याला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला, वय सव्वीस, क्लबची सहचिटणीस आणि तोंडाने फटकळ. तोंडाचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं तो त्याचाच प्रताप.

एकदा मी ओळीने तीन रविवार गेले नाही. तर एका संध्याकाळी आई दारातूनच किंचाळली, "अगं ए, कोर्टाची नोटीस डकवलीय दाराला! काय करून ठेवलंस?" जाऊन बघते तर खळीने चिकटवलेली चिठ्ठी. ‘इसम घरी न सापडल्याने दारावर चिकटवून बजावणी केली.’ खाली कल्याणच्या एका मॅटिनीचं नाव. आईने समोरच्या बिऱ्हाडात जाऊन मला खुलासा करायला लावला. एवढं करून मी तो सिनेमा बघितला आणि तो अगदी भिकार निघाला. रविवारी मी काकांवर चढलेच.

"भिकार आहेच हो ताई," ते म्हणाले. "पण त्यातला हमाल बघितलात का? सगळं सामान उतरवून होतं, आणि तो उगाच जरासा थांबतो. त्याच्यासाठी बजावला होता."

माझ्याहून पंचवीस-तीस वर्षांनी मोठे, पण मला कायम ताई म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. अख्खा सिनेमा त्यांना क्वचितच आवडायचा. कुठला तरी हमाल, कुठली तरी खुर्ची, एखाद्या बाईचं पदराला हात पुसणं, एवढ्यावर ते आठवडा काढायचे. आमचे अध्यक्ष एका बँकेत अधिकारी होते, इंग्रजी मासिकं वाचून यायचे. ते वैतागून म्हणायचे, "अहो काका, पण तुमचा निकष काय?"

"निकष कसला साहेब! घरी जाताना माणूस गप्प झाला पाहिजे. तुम्ही कधीच होत नाही, तो भाग वेगळा."

मग मध्ये दोन महिने काका आलेच नाहीत. आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. अध्यक्षांनी विचारलं, "होतात कुठे?" काका म्हणाले, "जरा घरचं होतं." आणि आम्ही लगेच परवाच्या सिनेमाकडे वळलो. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. परदेशातल्या दिग्दर्शकांची किती लग्नं झाली ते आम्हाला तोंडपाठ, आणि पायरीवर मांडीला मांडी लावून बसणाऱ्या माणसाच्या घरी कोण आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात तो सिनेमा आला. कुठल्याशा थंड देशातला, काळा-पांढरा, खाली इंग्रजी अक्षरं. चार डब्यांत चार रिळं. एक टपालवाला आणि त्याची बायको, म्हातारी होत आलेली. टपालवाला लांबच्या गावी जातो, इकडे बायको मरते, तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. दफन होतं. त्यानंतर प्रोजेक्टर थांबला, शेवटचं रीळ चढलं आणि पडद्यावर ती बाई अंगणात बसलेली! सफरचंदं सोलतेय. नवरा येतो, शेजारी बसतो. ती त्याच्या हातात दुसरी सुरी देते. दोघं सोलत बसतात. मग तो उठून रस्त्याने निघून जातो, ती दारात उभी राहते, आणि संपतो. शेवटची पाटीसुद्धा नाही. पण जुन्या प्रिंटांच्या पाट्या झिजून तुटून गेलेल्याच असायच्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दिवे लागले तेव्हा काका खुर्चीतून उठले नव्हते. अध्यक्ष बाहेर ‘काळाची मोडतोड’ वगैरे समजावून सांगत होते. काका सगळ्यांत शेवटी आले आणि मला म्हणाले, "ताई, ती परत येते. आणि कुठे होतास म्हणून विचारत नाही. बघितलंत ना? एक शब्द विचारत नाही. सुरी देते फक्त."

सोमवारी मी प्रिंट परत पाठवायला बांधत होते. रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवर त्याचा नंबर असतो, तो बघून रीळ लावायला द्यायचं, हे काम माझं. मी नुसते डब्यांवरचे आकडे बघितले होते. आता डबा उघडते तर डब्यावर तीन आणि आतल्या पट्टीवर चार. आधीच्या कुणीतरी अदलाबदल केलेली, आणि मी ती तशीच लावली. म्हणजे सफरचंदं आधी. गावी जाणं, मरण, दफन सगळं नंतर. शेवट तोच. चिटणीसपण जाईल, लोक हसतील, म्हणून मी डबे नीट भरले, सुतळी बांधली आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढे वर्षभर काकांनी तो एकच सिनेमा लावून धरला. बजावण्यासारखा तो कुठे लागणार नव्हता, म्हणून ते सांगतच बसायचे. नवा सभासद आला की त्याला सफरचंदं. मला प्रत्येक वेळी चोरट्यासारखं व्हायचं. हळूहळू त्या चोरटेपणाचा राग यायला लागला, आणि तो राग निघायचा काकांवर.

क्लबला पाच वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. तिच्यात ‘बघायलाच हवेत असे दहा सिनेमे’. तीन रविवार भांडणात गेले. पहिल्या नंबरला काकांना त्यांचा टपालवाला हवा, मला माझा एक लाडका. मतं समसमान पडली. काका अगदी विनवणीला आले. "ताई, एवढं एक मत द्या हो मला."

"नाही देणार. एवढं आहे काय त्यात?"

ते हसले. मायेनेच हसले, आता कळतं. "तुम्ही लहान आहात अजून. तुम्हाला नाही कळायचं त्यात काय आहे ते."

झालं! माझं डोकं फिरलं. "मला चांगलं माहितीये काय आहे ते! तिसरं आणि चौथं रीळ उलटं लागलं होतं त्या दिवशी. मीच दिलं होतं लावायला. ती बाई परत-बिरत काही येत नाही. मरते. तिथेच संपतो सिनेमा!"

मग अध्यक्ष असे काही खोखो हसले की पायऱ्यांवरची सगळी माणसं हसायला लागली. "अहो, म्हणजे वर्षभर आपण नसलेल्याच सिनेमावर भांडतोय!" काकासुद्धा हसले थोडे. मग पिशवी काखेत मारली आणि "येतो" म्हणून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

स्मरणिका छापून आली. दहांमध्ये तो सिनेमा नव्हता. चार महिने मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. शेवटी एक प्रत घेऊन कोपरला त्यांच्या चाळीत गेले. दार मुलीने उघडलं. "बाबा, तुमच्या सिनेमाच्या ताई आल्यात." ते कॉटवर बसले होते, पाय सुजलेले, पण मला बघून तोंड कसं उजळलं!

मुलगी चहा ठेवायला आत गेली, मीही मागोमाग गेले. हळू आवाजात ती बोलायला लागली. "आई गेली त्याला दीड वर्ष झालं. त्या दिवशी बाबांची शहाडला बजावणी होती. लवकर आटपली, म्हणून येताना कल्याणला सिनेमाला बसले. इथे आईच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी कोर्टात फोन केला, कोर्टाने शहाडला माणूस पाठवला. सापडणार कुठे? पाचला घरी आले. आई तीनला गेली होती." पातेल्यात साखर घालून ती म्हणाली, "शेवटपर्यंत ‘हे कुठे आहेत’ विचारत होती. ते तेव्हापासून नीट झोपतच नव्हते. मग तुमच्याकडे कुठलासा सिनेमा बघून आले आणि त्या दिवशी जेवले पोटभर."

मी कप घेऊन बाहेर आले. काकांनी कप बाजूला ठेवला. बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, तुम्ही त्या दिवशी ते रिळांचं बोललात. रागाच्या भरात बोललात ना? मला हरवायचं म्हणून?"

आणि बघत राहिले माझ्याकडे.

मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण मी घरून माफी पाठ करून निघाले होते. चार महिने तीच घोकलेली, ओठांवर तीच होती, आणि तीच बाहेर पडली. "काका, मला माफ करा. मी असं सगळ्यांसमोर सांगायला नको होतं."

त्यांनी मान हलवली. दोनदा. "नाही नाही, असू दे. डबे सारखेच दिसतात. होतं माणसाकडून." मग उलट माझीच समजूत घातली. स्मरणिका चाळली, छपाई छान झालीय म्हणाले. मी निघताना त्यांनी विचारलं, "म्हणजे दफनाशीच संपतो?"

"हो," मी म्हटलं. तेव्हा मात्र ‘हो’ आलं माझ्या तोंडातून.

ते होळीच्या आधी गेले. मुलीचं पोस्टकार्ड आलं. मी क्लब सोडला, पुढे दोन-तीन वर्षांत क्लबही बंद पडला. घरोघरी व्हिडिओ आले होते. खरं बोलल्याबद्दल लोक एकमेकांना शाबासकी देतात. मला त्या खऱ्याने आयुष्यभर छळलंय. एक खोटं, तेही एका शब्दाचं, समोर बसून मागणाऱ्या माणसाला मी देऊ शकले नाही. कितीदा भांडी घासताना, बसची वाट बघताना मी ते स्वतःशीच म्हणून बघते. आज लिहूनच टाकते.

काका, मी रागात खोटं बोलले हो. रिळं बरोबर लागली होती. ती परत येते.