कुलदैवत कोणतं?

मेहकरला नवा डॉक्टर म्हणून आलो तेव्हा निवडणूक तोंडावर होती. वकीलसाहेबांनी चहाला बोलावलं. तिथं गावातली शिकलेली मंडळी जमली होती. "आपल्यात जातपात कोणी मानत नाही हो," हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. मग आडनाव विचारलं. त्यावरून उलगडा होईना, म्हणून मूळ गाव, मामाचं गाव आणि शेवटी कुलदैवत विचारलं.

"कुलदैवत नाही. वडिलांनी देव सोडले," मी म्हणालो.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वकीलसाहेब हसले, "मंग तुमचं मत कोणाले, हे विचाराचं कामच नाही!"

मला काही कळेना. मत कुणाला द्यायचं हे माझंच अजून ठरलं नव्हतं. आणि माझी जात तर कुणी विचारलीच नव्हती!