कुंदुझचा मेंढा

कुंदुझला आमच्या आत-बाशी गावात कोणी चांगलं म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मीही म्हणत नव्हते. ती शाळेत स्वयंपाक करायची. रश्श्यावरची चरबी पळीने काढून कुत्र्यांना घालायची, म्हणून पोरं तिला फुळकवणी म्हणत. नवरा ऐन तिशीत कुरणावर घोड्यावरून कोसळला तो उठलाच नाही. पुढे थोरला मुलगाही तसाच गेला. गावाला तरी दया कुठली? म्हणे, “उपाशी मारले हिने!”

तिची मुलगी नुरझात माझ्या नातवाला, तिलेकला आवडली. त्याच्या आईला, माझ्या सुनेला, बुरुलला मुळीच नाही. तरी सोयरीक ठरवायला गेलो. कुंदुझने मेंढा कापला. त्याची कलेजी आणि शेपटाची चरबी विहिणींनी एकमेकींना भरवली की सोयरीक पक्की. मग मोडता येत नाही.

बुरुलने घास उचलला. कुंदुझने तिचं मनगट धरलं.

“आधी ऐका, मग भरवा.”

“का? शेपूटही वाचवायचंय?”

“नुरझातमध्ये बापाचं दुखणं उतरलंय. टाचेवरच्या गाठी बघा. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या चरबीच्या कणावर प्रथिनाची कडी असते. यकृतावर दुसरं प्रथिन दारवानासारखं उभं असतं. कडी धरून चरबी आत ओढतं. हिच्यात निम्मे दारवानच नाहीत. चरबी रक्तातच फिरते, हृदयाच्या नळ्या बुजवते. गोळ्यांनी दारवान वाढतात. रोज घेते ती. पण मुलांतही उतरू शकतं.”

“घास तोंडाशी आल्यावर सांगतेस? किडकी पोरगी खपवायला निघालीस!”

“गिळल्यावर सांगितलं असतं, तर खपवली म्हणायचं.”

बुरुल ताडकन उठली. “चल रे!”

तिलेक हलला नाही. “मला नुरझातने केव्हाच सांगितलंय.”

“आणि मला नाही?”

“तू आली असतीस का इथं?”

माझे दात गेलेत, जीभ शाबूत आहे. म्हटलं, “बुरुल, तुझ्या तोंडाबद्दल तुझ्या आईने मला घासाआधी सांगितलं होतं का गं?”

तिने माझ्याकडे जाळून टाकेल असं पाहिलं. खाली बसली. चरबी बाजूला ढकलली आणि नुसती कलेजी कुंदुझच्या तोंडात कोंबली. “चाव! आणि नातवंडांचं रक्त मीच तपासून आणणार. तुझा भरवसा नाही.”

कुंदुझने चावता चावताच तिच्याही तोंडात तितक्याच जोराने कलेजी कोंबली.

विहिणी अजून धड बोलत नाहीत. पण बुरुलच्या रश्श्यावरची चरबी हल्ली आमचं कुत्रं खातं.