पाहुण्यांचं तेल

लातूरचा जिल्हा झाला, ते आमच्या रेणापुरात सगळ्यांत आधी किराणावाल्याला कळलं. रॉकेल का वाढलं विचारलं की तो म्हणायचा, आता जिल्हा झालाय. साखर, डाळ, काडेपेटी, सगळ्याला तेच उत्तर. जिल्हा झाल्यावर काडेपेटीत काड्या वाढतात की काय, कोण जाणे. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं आणि पाण्यासाठी आई रोज तीन विहिरी पालथ्या घालायची.

आमचे आप्पा लातूरच्या नव्या कचेरीत कारकून होते. घरात तेलं दोन. रेशनचं पामतेल आमच्यासाठी. थंडीत ते डब्यात गोठून पांढरं व्हायचं आणि त्यातली भाजी गार झाली की टाळूला चिकटायची. दुसरं घाण्यावरचं करडीचं, ते फक्त पाहुण्यांसाठी. पाऊस नाही म्हणून करडी पिकली नव्हती आणि त्या तेलाचा भाव ऐकून आई दुकानातून तशीच परत यायची. पण कचेरीतले साहेब, नाहीतर कुणी बदलून आलेला, रविवारी जेवायला असायचाच. त्यांच्यापुढे पामतेल ठेवलं तर आप्पांचं नाक कापलं जाणार होतं.

मी अकरावीला होते, एसटीनं लातूरला जायची. दिवाळीनंतर डिझेल वाढलं, तिकीट वाढलं, माझा पासही वाढला. आप्पा आईला म्हणाले, कायतरी एक कमी करावं लागंल. काय ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. पोरीला बारावी बाहेरूनही देता येते म्हणे.

पुढच्या रविवारी साहेब आणखी दोघांना घेऊन आले, तेव्हा आईनं करडीच्या डब्याला हातच लावला नाही. भजी, वांगी, सगळं रेशनच्या तेलात. मी चुलीपाशी बघतच राहिले.

"गप वाढ," ती म्हणाली.

साहेबांनी बोटं चाटली. करडीचं तेल खावं तर लातूरकडंच, असं म्हणाले. बाकीच्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. आप्पा असे फुगले की मला हसू यायला हवं होतं, पण शिसारीच आली. तीच भजी त्यांनीही मिटक्या मारत खाल्ली होती.

पाहुणे गेल्यावर मी सांगून टाकलं. म्हटलं, कुणालाच फरक कळत नाही, तर तो डबा बंद करा आणि माझा पास काढा. मला खरंच वाटलं होतं की आता ते काढतील.

आप्पा आईकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हे भाईर कुणापाशी बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी करडीचा डबा कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या खिशात. पाहुणे आले की तेल ते स्वतः काढून द्यायचे. माझा पास निघाला नाही तो नाहीच. दोन वर्षं मी त्या लोकांना भजी वाढली. कुणी ना कुणी विचारायचंच, पोरगी काय करते?

मी ताटावर वाकलेली असायची आणि आप्पा सांगायचे, "लातूरला कॉलेजात हाय, साहेब."