बाण नसलेला चौकोन

चौकोन आणि बाण यांत मावत नाही अशी एकही गोष्ट जगात नाही, असं मानणारा माणूस पुण्यात एकच असेल, आणि मी कर्वेनगरात त्याच्याच घरी भाड्याने राहतो. हे घरमालक काका विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत बिझनेस आर्किटेक्ट होते. कुठल्या देशात कोणी काय करायचं आणि कोणाला विचारून, याचा नकाशा ते काढत. आमच्या मांजरी गावाहून वडिलांनी फोनवर विचारलं, "तुझं मालक काय काम करत्यात?" म्हटलं, "कोण काय काम करतं ते लिहितात." "आन् काम कोन करतंय?" घरीही तेच. दूध तापवण्याची योग्य पद्धत काका फ्रिजवर आखत असताना दूध उतू गेलं. "अहो, तुमच्या कागदावर गॅस बंद करायला कोणी नेमलंय का?" काकूंनी विचारलं. काकांनी शांतपणे एक चौकोन वाढवला.

यंदा कंपनीच्या फ्रान्समधल्या मुख्य कचेरीने आपल्या चार देशांतल्या कारखान्यांचा एकच नकाशा मागवला. काकांनी नियम केला : ज्या चौकोनातून दुसऱ्या कोणाकडे बाण, म्हणजे काम, जात नाही, ते पद रद्द. ऑफिसात लोक त्यांना बघून जिना बदलू लागले. नकाशा पाठवायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी त्याचे कागद जोडून चिकटवत होतो. एका चौकोनात सगळीकडून बाण येत होते, बाहेर एकही जात नव्हता. आत काकांचं पद लिहिलेलं होतं. मी चाचरत म्हटलं, "काका, इथे एक बाण राहिलाय का?"

त्यांनी चौकोनाच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. काकू म्हणाल्या, "दाखवा की एखादा. तिकडे फ्रान्समध्ये कोण मोजत बसलंय?"

"इथे खोटा बाण दाखवला, की उद्या कोणीतरी त्यावर विसंबून न तपासता सही करतो," काका म्हणाले. "आणि आपला भाग आकाशात असतो." त्यांनी स्वतःच्या चौकोनावर फुली मारली.

नकाशा चारही देशांत लागू झाला. अभिनंदनाचं पत्र आणि नोकरी संपल्याचं पत्र एकाच दिवशी आलं.

आता सकाळी ऑफिसची बस गल्लीतून जाते, थांबत नाही. काका नेमके तेव्हाच बाल्कनीत असतात. "आज दोन मिनिटं उशीर," म्हणतात. मी मान हलवतो. त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं का, हे विचारायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.