पायी का निघालात

नांदेडच्या आमच्या डॉक्टरांनी नवऱ्याला एक उन्हाळा दिला होता. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना, तेव्हा ते म्हणाले, महिनाभर रोज तासभर चाला, गोड बंद करा, नाहीतर इंजेक्शन सुरू करू. इंजेक्शन म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. सासरे शेवटची काही वर्षं इंजेक्शनवर होते आणि त्याच काळात त्यांचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. इंजेक्शन घेतलं म्हणून पाय गेला नाही, फार उशिरा घेतलं म्हणून गेला, हे मी नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं आहे. मी शाळेत गणित शिकवते, कारण आणि परिणाम यांची गल्लत झाली की मला चैन पडत नाही. पण त्याच्या डोक्यात सुई आणि कुबडी शेजारी शेजारी बसली आहेत ती बसलीच आहेत.

मे महिन्यात नांदेडला चालायचं म्हणजे पहाटे कुत्र्यांच्या आणि सातनंतर उन्हाच्या तावडीत सापडायचं. म्हणून शाळेला सुट्टी लागली तशी त्याला रजा काढायला लावली आणि आम्ही त्याच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे गेलो. त्यांचं गाव अहमदपूरच्या पुढे, मन्याडच्या खोऱ्यात. उन्हाळ्यात त्या आणि दाजी गावातलं घर बंद करून शेतातल्या आखाड्यावर राहतात. आखाडा म्हणजे दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचा ओटा, कडुलिंबाची दोन झाडं आणि विहीर. समोर दहा मिनिटांवर नदी. पाणी आटलेलं, पण मधूनमधून डोह राहिलेले. नदी ओलांडली की काठाकाठानं पाऊलवाट जाते आणि टेकडीवरच्या महादेवाला मिळते. जाऊन येऊन बरोबर एक तास. असा रस्ता डॉक्टरांनीही आखून दिला नसता.

नवऱ्याची एकच अट होती. आक्काला साखरेचं कळता कामा नये. सासऱ्यांच्या पायाची मलमपट्टी शेवटपर्यंत आक्कांनीच केली होती, माहेरी राहून. तिला कळलं तर ती जेवायची नाही, झोपायची नाही, असं त्याचं म्हणणं. मी हो म्हटलं. तिथेच चुकलं.

पहिल्या दिवशी सहाला निघालो. नदीपर्यंत पोचलो नाही तोच मागून फटफटी आली. दाजींचा पुतण्या होता, चांगला तीन पोरांचा बाप. मामा, बसा की, पायी का निघालात, म्हणाला. आम्ही चालायलाच निघालो आहोत असं मी सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि गाडी आमच्या वेगानं शेजारी चालवत राहिला, केव्हातरी आम्ही दमू म्हणून. पुढच्या आखाड्यावर एका म्हाताऱ्यानं बाज टाकली, चहा टाकला. त्याच्यापुढच्या आखाड्यावर आमच्याआधीच चहा तयार होता, कारण फोन गेला होता. नवरा आक्कांचा भाऊ, म्हणजे सगळ्या गावाचा मामा. मामा दारावरून चहा न घेता गेला तर त्या घराचं काय राहिलं? आणि इथला चहा म्हणजे साखरेच्या पाकात चहाची पूड. बिनसाखरेचा मागावा तर लगेच विचारणार, का हो मामा? आणि संध्याकाळपर्यंत आक्कांच्या कानावर. म्हणून नवरा प्यायचा. त्या दिवशी पाच कप प्यायला. टेकडी लांबूनच बघितली आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी आडवाटेनं गेलो, तर आक्का दुपारी फुगून बसलेल्या. मग कळलं की गावात दाजींना कुणीतरी टोमणा मारला होता. मेहुणा पायी पायी हिंडून राहिला, तुमच्याकडं गाडी न्हाई का? तिसऱ्या दिवशी दाजींनी आमच्यासाठी जीप धुऊन ओट्यासमोर उभी केली. चालायला जीप. चौथ्या दिवशी एका बाईनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, घरात काही भांडण झालंय का, रोज सकाळी तोंड घेऊन कुठं निघता दोघं? मी नाही म्हटलं तर तिला वाटलं मी लपवते आहे, आणि तिनं आणखी एक कप पाजला.

मी साखर मोजायचं यंत्र नेलं होतं. पाचव्या दिवशी उपाशीपोटीचा आकडा नांदेडपेक्षा जास्त निघाला. नवरा म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. मी माझ्या बोटावर करून दाखवलं. यंत्र ठीक होतं.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. माझं माहेर उमरीचं. लहानपणी आमच्याकडे कुणी महादेवाला पाणी घालायचा नवस बोललेला असला की तो माणूस नदीतून तांब्या भरून मुक्यानं जायचा, आणि पाणी घालून होईपर्यंत त्याला कुणी हाक मारत नसे, थांबवत नसे. मी आक्कांना विचारलं, तुमच्याकडे असं असतं का? हाव, असतंय की, म्हणाल्या. मी सांगून टाकलं की यांनी अकरा दिवस महादेवाला पाणी घालायचं बोललंय, म्हणूनच रोज निघत होतो. कशासाठी बोललंय ते सांगायचं नसतं, ही सोयही होती. आक्कांचा चेहरा एकदम उजळला. दाजींनी जीप मागे नेऊन लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा तांब्या घेऊन निघाला आणि आक्कांची नजर त्याच्या बुटांवर गेली. मुद्दाम घेतलेले, जाड तळव्याचे बूट.

"पाण्याला पायताण घालून?" आक्का म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत त्यानं बूट काढले होते. साखरेच्या माणसानं अनवाणी चालू नये, ही पहिली गोष्ट डॉक्टर सांगतात. उमरीचा तो माणूस अनवाणी असायचा हेही मला तेव्हाच आठवलं. सगळं गणित बरोबर मांडून एक अट वाचायची राहावी, तसं झालं. मी बूट पिशवीत घातले आणि नदी ओलांडल्याबरोबर एका बाभळीच्या आडोशाला त्याला घालायला लावले. येताना पुन्हा तिथेच काढायचे. चार दिवस हे चाललं. पन्नाशी उलटलेली दोन माणसं बाभळीमागे बूट घालतात काढतात, हे कुणी पाहिलं असतं तर भांडणाची अफवा परवडली असती. पण वाटेतला चहा बंद झाला. आकडा उतरायला लागला.

पाण्याच्या पाचव्या दिवशी आक्कांनी कुरडयांचा गहू भिजवून झाल्याचं जाहीर केलं. चीक शिजवायला, साचा दाबायला, बाजेवर घालायला बाया लागतात. आक्कांची सून माहेरी गेलेली, तेव्हा मला सुटका नव्हती. मी नवऱ्याला बजावलं, बाभळीपाशी बूट घाला. त्यानं पिशवी खांद्याला लावून दाखवली. कुरडया तीन दिवस चालल्या. तीनही दिवस तो वेळेवर गेला, वेळेवर आला, आणि मी विचारलं की बूट घातले होते ना, तर मान हलवली. ही मान होकाराची आहे की नुसती हलली, एवढं तीस वर्षांत मला ओळखता यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी, सव्वासातचा सुमार असेल. मी ओट्यावर बाजेवर कुरडया घालत होते, आक्का साचा भरत होत्या. नवरा नदीकडून आला, ओटा चढला, आत जाऊन पाणी प्यायला आणि पुन्हा बाहेर आला. मग खाली फरशीकडे बघत उभा राहिला.

"हे रक्त कुणाचं हाय?" त्यानं विचारलं.

नुकत्याच धुतलेल्या फरशीवर पायरीपासून दारापर्यंत आणि दारापासून त्याच्यापर्यंत, एका आड एक पावलाला, रुपयाएवढा लाल ठिपका होता. तो खरंच विचारत होता. त्याला वाटलं आमच्यापैकी कुणाचं बोट कापलं.

मी त्याला खाली बसवलं आणि पाय उचलला. उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, आणि कडेचं मांस पाहता तो आजचा नव्हता. मी दाबलं. दुखतंय का विचारलं. थोडं थोडं, म्हणाला. तो माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलत होता, पायाकडे बघून नाही.

आक्का हळदीचा डबा घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं हळद नको, दाजींना जीप काढायला सांगा. काट्याला जीप? त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू थांबलं.

"आक्का, साखर आहे त्यांना," मी म्हटलं. "आठ वर्षं झाली."

नवरा म्हणाला, तुला सांगितलं होतं ना. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

आक्का फरशीवरच्या ठिपक्यांकडे बघत होत्या. "बाबाला बी असंच कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "चुलीतला निखारा पायाखाली आला तर मला विचारत होते, कशाचा वास येऊन राहिला."

मग त्या उठल्या, हात धुतले, पदर खोचला आणि भावाला असं काही बोलल्या की मी बाजूला झाले. त्यातलं लिहिण्यासारखं थोडंच आहे. सकाळ-संध्याकाळ चहा पाजला मी तुला, म्हणाल्या, रोज पाजला, बोटानं साखर हलवून पाजला, आणि तू बसून प्यायलास, तुला तोंड न्हाई का? नवरा म्हणाला, तुला त्रास झाला असता.

"आता लई सुख झालं," आक्का म्हणाल्या.

माझाही हिशेब झाला. वैनी, तुमी शिकलेल्या, तुमीबी महादेवाला मधी घातलंव, एवढंच म्हणाल्या. अट घालणारा तो होता, पण शक्कल माझी होती.

अहमदपूरच्या डॉक्टरांनी काटा काढला. बोटाच्या पेराएवढा होता. मग त्यांनी नवऱ्याला डोळे मिटायला सांगितले आणि एका बारीक तारेनं तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारू लागले, कळतंय? तो प्रत्येक वेळी हो म्हणत होता. डॉक्टरांनी तार बाजूला ठेवली आणि नुसतंच विचारलं, आता? हो, म्हणाला. आक्का भिंतीला टेकून हे बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, जखम भरून यायला हवी तर इंजेक्शन आजपासूनच. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. आक्कांनी डॉक्टरांना विचारलं, आमच्या बाबाला हे वेळेवर दिलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, बहुतेक पाय राहिला असता. मी हेच आठ वर्षं सांगत होते. माझं ते त्यानं कधी ऐकलं नाही, तिथे एका वाक्यात बाही वर गेली.

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, बूट का घातले नाहीत. तो म्हणाला, एकट्यानं निघालो त्या पहिल्याच दिवशी एक म्हातारी वाटेत थांबली होती, पाणी घेऊन जाणारा म्हणून पायावर डोकं ठेवायला. बुटावर डोकं कसं ठेवू द्यायचं? दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिच्या दोन सुना होत्या. म्हणून त्यानं तीनही दिवस पिशवी घेऊन अनवाणी चालून घेतलं, टोचऱ्या मुरमावरून. लोकांना नाही म्हणता येत नाही हा आजार साखरेच्या आधीपासूनचा आहे आणि त्याला इंजेक्शन निघालेलं नाही.

राहिलेल्या चार दिवसांचं पाणी आक्कांनी घातलं. मी म्हटलं, आक्का, ते खोटं बोललेलं होतं. त्या म्हणाल्या, बोलले तुमी खोटं, ऐकलं त्यानं खरं. आणि गुडघे धरत टेकडी चढल्या.

आठ-दहा दिवसांनी जखम कोरडी पडली आणि डॉक्टरांनी बूट घालून चालायला परवानगी दिली. आता आक्का आमच्याबरोबर येतात. प्रत्येक आखाड्यावर आम्ही पोचायच्या आधीच लांबून ओरडून सांगतात, च्या टाकू नका, ह्याला साखर हाय. त्यामुळे चहा बंद झाला आणि त्याच्या जागी कारल्याचा रस, कडुलिंबाचा पाला, मेथीचं पाणी आणि एका ठिकाणी कशाची तरी वाटलेली मुळी सुरू झाली. बाज तीच, थांबणं तेवढंच. तासाच्या वाटेला अजून दोन तास लागतात. मी चिडते, पण यंत्रातला आकडा आता चिडण्यासारखा नाही, त्यामुळे मला कुणी विचारत नाही.

खरी अडचण निघतानाच होते. आक्का रोज सकाळी भावाला ओट्याच्या कडेला बसवतात, त्याचा पाय मांडीवर घेतात आणि चष्मा लावून तळवा बघतात. टाच, मग चवडा, मग एकेक बोट फाकवून मधली जागा. वाटेनं जाणारे मामाला नमस्कार करतात आणि तो एक पाय बहिणीच्या मांडीवर ठेवून त्यांना हात वर करतो. मी बूट धरून उभी असते. आक्का, ऊन चढलं, म्हणते. थांबा वैनी, म्हणतात, अजून करंगळी राहिली.