पहारेकरी येऊन राहिला

मोहीम पुस्तकात छापायची की घडीच्या कागदावर, यावरून आमच्या घरमालकांकडे दादा-वहिनींत बरेच दिवस गोड भांडण चाललं होतं. मोहीम म्हणजे गडावरची नव्हे, टेबलाभोवती बसून खेळायची. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, अडलं की फासे टाकतात.

मी चंद्रपूरकडचा, नववीतून शाळा सोडलेला, अंबडच्या कंपनीत पॅकिंगला. इंदिरानगरात यांच्या वरच्या खोलीत राहायला आलो आणि एका रविवारी खेळायला माणूस कमी पडला म्हणून दादांनी मला खाली बोलावलं. ते उपकार फिटायचे नाहीत. पुढे मीच एक मोहीम रचली. धरणाचं पाणी उतरलं की वर येणारं देऊळ, त्यातली घंटा काढून आणायची, बस.

दादा म्हणाले, "पुस्तकच पाहिजे. जाड पुठ्ठा, कण्यावर नाव. कपाटात उभं राहिलं पाहिजे."

"खेळायला लिहिलंय त्यानं, कपाटात ठेवायला नाही," वहिनी म्हणाल्या. आमचे खेळ त्याच चालवतात. "मी पुस्तक धरू, पान शोधू, की फासे टाकू?" त्यांना लग्नपत्रिकेसारखा एकच घडीचा कागद हवा होता. उघडला की नकाशा, मागे प्रत्येक खोलीच्या चार ओळी.

दादांनी पीडीएफ सुचवून पाहिली.

"मोबाईलवर नकाशा ताणत बसायचा, आणि नेमका तुझ्या आईचा फोन."

शेवटी ठरलं. रविवारी वहिनी नुसत्या कागदावरून खेळ चालवणार आणि मी गप्प बसणार. मला काही न विचारता मोहीम पार पडली, तर घडीचा कागद माझ्याच शब्दांत छापायला जाईल. अडली, तर दादा ती 'नीट' लिहून पुस्तकात घेतील. दादा चांगल्या मनानंच म्हणाले, पण त्या 'नीट'नं माझी झोप उडाली. नीट केल्यावर तिच्यात माझं काय उरणार होतं?

रविवारी दादा आणि त्यांच्या ऑफिसातली एक मैत्रीण खेळायला बसले. पहिल्या दोन खोल्या सुरळीत गेल्या. तिसऱ्या खोलीत मी लिहिलं होतं, 'घंटा इथेच. पहारेकरी येऊन राहिला.'

वहिनींनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाल्या, "कोपऱ्यात पहारेकऱ्याचं अंथरूण. दोरीवर धोतर वाळतंय. स्टोव्हवर चहा. तो म्हणतो, या, बसा."

आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे येतोय. आत्ता, या घडीला. घंटा उचला अन् पळा. वहिनींनी तर त्याला बिऱ्हाडासकट आणून बसवला होता. बोललो तर पैज गेली. मी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पीत बसलो.

"काका, इथं एकटेच राहता?" मैत्रिणीनं विचारलं.

"एकटा कसा? ही घंटा आहे. रोज पुसतो."

"आम्ही ती नेली तर?" दादा.

"मग मी काय पुसू?"

तलवार कुणी उपसलीच नाही. पुष्कळ घासाघीस झाली आणि शेवटी पहारेकरी घंटेसोबत स्टोव्ह घेऊन निघाला. सगळे हसून बेजार. वहिनींनी मला एकदाही विचारलं नव्हतं.

"पास," त्या म्हणाल्या. "पहारेकऱ्याचं बिऱ्हाड भारीच सुचलं हं तुला."

आता गप्प राहवेना. "वहिनी, तो तिथं राहत नाही जी. तो येऊन राहिला."

"तेच की."

"नाही, म्हणजे येतोय. आमच्याकडे जेवून राहिला म्हणजे जेवतोय."

दादांनी हातातले फासे खाली ठेवले. "म्हणून तू वरून 'जेवून राहिलो' सांगायचास, आम्ही फासे मांडून बसायचो, आणि तू केव्हातरी उतरायचास?"

"जेवतच असायचो जी."

"मग अडलीच की ही. नीट लिहावी लागणार."

"मला अडलं? मी विचारलं त्याला?" वहिनींनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "तुझी मोहीम आहे. 'येतोय' करतोस की राहू देतोस?"

'येतोय' केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. पण त्या स्टोव्हवाल्याला मी घराबाहेर कसा काढू?

"राहू द्या," मी म्हणालो. "खाली एका ओळीची जागा आहे."

"एकच आहे हं."

मी लिहिलं, 'खेळ चालवणारा चंद्रपूरकडचा असेल तर पळा.'